पाचर

पंचतंत्रातल्या त्या माकडाची गोष्ट आम्ही वर्गात अनेकदा सांगितली आहे. सुतार जेवायला गेलेले असतात. अर्धवट चिरलेल्या ओंडक्यात त्यांनी पाचर ठोकून ठेवलेली असते. नसत्या कामात हात घालणारे माकड ती पाचर उपसते आणि मिटलेल्या चिरेत सापडून प्राणाला मुकते. ज्याचे काम त्याने करावे, इतरांनी त्यात पडू नये, असा तिचा बोध. २०२४ च्या उन्हाळी सुट्टीत, इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डन या थेम्सकाठच्या गावी, एका जुन्या मोटारीपाशी लाकडी पाचर हातात घेऊन बसलेलो असताना ही गोष्ट आम्हां दोघांना एकाच क्षणी आठवली. आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. आमच्या हातून आजवर सायकलचे पंक्चरही निघालेले नाही. अशा माणसांनी मोटारीच्या ब्रेकला हात का घातला, हे सांगण्यासाठी हा लेख.

अ‍ॅबिंग्डनला आमचे मामा राहतात. आमच्यापैकी एकीचे ते सख्खे मामा, दुसऱ्याचे मामेसासरे. १९७२ साली यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेऊन ते तिकडे गेले आणि तिथलेच झाले. वय शहात्तर. गेली पाच वर्षे त्यांना कंपवात आहे. उजव्या हाताची बोटे सतत काहीतरी मोजत असल्यासारखी हलत राहतात. या आजारात आवाजही क्षीण होतो, हे आम्हांला तिथे गेल्यावर कळले. एके काळी मांडवभर ऐकू जाणारा मामांचा आवाज आता शेजारच्या खुर्चीपर्यंत जेमतेम पोचतो. त्या देशात कंपवात झाल्याचे वाहन परवान्याच्या खात्याला कळवावे लागते. मामांनी ते वेळेवर कळवले होते, आणि आदल्या हिवाळ्यात, कोणी सांगण्याची वाट न पाहता, परवाना आपण होऊन परत केला होता.

राहिली ती गाडी. १९७१ ची गडद हिरवी एमजीबी, दोन माणसांची, उघड्या टपाची. मामांनी ती १९८४ मध्ये जुनी म्हणून घेतली आणि चाळीस वर्षे स्वतःच्या हाताने सांभाळली. आता ती मामेबहिणीला द्यायची ठरली होती. पण गेल्या वर्षभरात मागच्या डाव्या चाकाचा ब्रेक झिरपू लागला होता. ब्रेकचे पायडल थोडे जास्तच खाली जाई, आणि चाकाच्या आतल्या बाजूला तेलकट ओघळ दिसे. गावात या गाड्यांची कामे करणारी माणसे आहेत. मामींनी तसे सुचवूनही पाहिले. मामा एवढेच म्हणाले, "गाडी मी देणार, तर ब्रेक मीच करून देणार." मग आपल्या हाताकडे पाहून थांबले. सुट्टीला आलेले आम्ही समोरच बसलो होतो. आम्ही म्हटले, "मामा, तुम्ही सांगा, आम्ही करतो." हे वाक्य आम्ही केवळ सौजन्यापोटी उच्चारले होते, हे इथे कबूल करायला हवे. मामांनी ते शब्दशः घेतले.

या गाडीचा आणि त्या गावाचा संबंध पन्नास वर्षांहून अधिक काळाचा. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस, विल्यम मॉरिस यांचा ऑक्सफर्डमधला मोटारविक्रीचा व दुरुस्तीचा व्यवसाय. तिथले व्यवस्थापक सेसिल किंबर यांनी मॉरिसच्या साध्या गाड्यांना देखणी, चपळ रूपे द्यायला सुरुवात केली. १९२९ मध्ये हा कारखाना अ‍ॅबिंग्डनला आला आणि ऑक्टोबर १९८० मध्ये बंद झाला. एमजीबी १९६२ मध्ये आली आणि कारखान्याबरोबरच संपली. अठरा वर्षांत पाच लाखांहून अधिक गाड्या तिथून बाहेर पडल्या. २०१९ पासून भारतात एमजीचे चिन्ह लावलेल्या ज्या गाड्या दिसतात त्या चिनी मालकीनंतरच्या. त्यांच्यात आणि या गाडीत नावापलीकडे नाते नाही. नाते आहे ते आमच्या लहानपणीच्या अ‍ॅम्बेसेडरशी. कलेक्टरसाहेबांची ती पांढरी, पोटुशी अ‍ॅम्बेसेडर मूळची मॉरिस ऑक्सफर्ड; आणि तिच्यात पुढे बसवलेले १४८९ घनसेंटिमीटरचे इंजिन व या एमजीबीचे १७९८ घनसेंटिमीटरचे इंजिन एकाच घराण्याचे. मामांनी बॉनेट उघडून हे दाखवले तेव्हा परक्या गावात आपल्या आडनावाचा माणूस भेटावा तसे आम्हांला वाटले.

आता ब्रेकविषयी. या गाडीच्या पुढच्या चाकांना चकतीचे ब्रेक आणि मागच्यांना ड्रमचे. चालकाने पायडल दाबले की मुख्य सिलिंडरातले द्रव ढकलले जाते. बंदिस्त द्रवावरचा दाब सगळीकडे सारखाच पोचतो या पास्कलच्या नियमाने तो दाब बारीक नळ्यांतून चारही चाकांपर्यंत जातो. मागच्या चाकाशी करंगळीपेक्षा थोडे जाड असे एक छोटे सिलिंडर असते. त्यातले दट्टे दोन्ही बाजूंना सरकतात, अर्धचंद्राकृती ब्रेक-शूंना बाहेर ढकलतात, ते फिरत्या ड्रमला आतून घासतात आणि गाडी थांबते. ही द्रवाची युक्ती मोटारीत रुजवणाऱ्यांत माल्कम लॉकहीड हे प्रमुख. १९२१ च्या ड्युसेनबर्ग गाडीत चारही चाकांना असे ब्रेक होते. विमाने बांधणारे लॉकहीड ते त्यांचेच बंधू. या घराण्याच्या आडनावाचे मूळ स्पेलिंग काही वेगळेच होते. लोक ते वाचून भलताच उच्चार करीत, म्हणून शेवटी भावांनी उच्चाराप्रमाणे स्पेलिंगच बदलून घेतले. शुद्धलेखनाच्या वादांत उमेदीची वर्षे घालवलेल्या आम्हांला ही माहिती ब्रेकपेक्षा अधिक रोचक वाटली, हे मामांच्या लक्षात आले. ते म्हणाले, "ते नंतर. आधी पाना उचल."

त्यांनी आम्हांला दोन गोष्टी बजावल्या. पहिली अशी की ब्रेकचे द्रव हवेतले पाणी शोषून घेते. वर्षानुवर्षे ते बदलले नाही तर सिलिंडर आतून गंजतो. शिवाय ते रंगावर सांडले तर रंग उतरवते. दुसरी अधिक गंभीर. नव्या गाड्यांत ब्रेकची दोन स्वतंत्र मंडले असतात, एक फुटले तरी दुसरे काम करते. या गाडीत मंडल एकच. चारांपैकी एका ठिकाणी द्रव गळून गेले की चारही ब्रेक गेले. उरतो फक्त हातब्रेक. आणि इंग्लंडमध्ये १९६० पासून गाड्यांची जी सक्तीची तपासणी होते, तीतून चाळीस वर्षांपेक्षा जुन्या, फारशा न बदललेल्या गाड्यांना मे २०१८ पासून सूट आहे. म्हणजे या ब्रेककडे दुसरा कोणी माणूस पाहणार नव्हता. "आपणच विद्यार्थी, आपणच परीक्षक," मामा म्हणाले.

पहिला दिवस उकलण्यात गेला. गाडी लोखंडी घोड्यांवर चढवली. चाक निघाले. ड्रम धरून ठेवणारे दोन स्क्रू निघाले. ड्रम मात्र निघेना. मागच्या बाजूला एक चौकोनी डोक्याचा खिळा असतो, तो उलटा फिरवला की शू आत येतात आणि ड्रम सुटतो. तो गंजून जाम झाला होता. गंजतेल फवारायचे, चहा प्यायचा, पुन्हा फवारायचे, असे चालले. मामांचे आवाजी मार्गदर्शन ऐकण्यासाठी एकजण त्यांच्या तोंडाशी कान नेई आणि दुसऱ्याला ते मोठ्याने सांगे. त्यात आणखी एक अडचण होती. मामांना पन्नास वर्षांत यंत्राचे मराठी शब्द विसरले होते आणि आम्हांला इंग्रजी शब्द ठाऊक नव्हते. ते काहीतरी म्हणत, आम्ही चुकीची वस्तू उचलत. मग आमच्या गावच्या गॅरेजात, वडिलांच्या स्कूटरशेजारी तासन्‌तास बसून कानांवर पडलेले शब्द एकेक करून वर येऊ लागले. आटे. पक्कड. वायसर. शिकंजा. आम्ही 'आटे' म्हणालो तेव्हा मामा चमकले, आणि दोन-तीनदा तो शब्द स्वतःशीच पुटपुटले. त्यानंतर दिवसभर ते आटेच म्हणत राहिले.

ड्रम संध्याकाळी निघाला. जुन्या ब्रेकच्या धुळीत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ती फुंकरीने न उडवता ओल्या फडक्याने टिपून घ्यायची, हेही शिकलो. ब्रिटनमध्ये त्यावर १९९९ पासून बंदी आहे, पण मामांचा भरवसा कायद्यापेक्षा ओल्या फडक्यावर अधिक. नळीचा नट निघता निघत नव्हता; आम्ही साधा पाना लावून जोर केला आणि त्याचे सहा कोपरे घासून गोल केले. नळी पिळवटली. नवी नळी, नवे सिलिंडर, नवे शू टपालाने यायचे होते, ते दोन दिवसांनी आले. दुरुस्तीच्या पुस्तकात हे सगळे पानभरात उरकलेले असते. हेन्स या नावाची ही पुस्तके तिथे १९६६ पासून घरोघर आहेत. भाग कसा काढावा ते सांगून झाले की बसवण्याविषयी ते एवढेच सुचवते की हीच कृती उलट क्रमाने करा. जगात उलट क्रमाने होण्यासारख्या गोष्टी किती थोड्या आहेत, हे पुस्तक लिहिणाऱ्याला ठाऊक नसावे असे तेव्हा वाटले.

सिलिंडर बसवायचे म्हणजे असे. चाकामागे एक पत्र्याची तबकडी असते, तिला एक भोक. सिलिंडर पुढून त्या भोकात घालायचे. त्याचा गोल मुडगा मागे बाहेर येतो. त्या मुडग्याला एक खाच. त्या खाचेत रोमन लिपीतल्या ई या अक्षरासारखी, किंचित बशीसारखी फुगीर अशी पोलादी क्लिप मागून सरकवायची. त्या क्लिपेला तीन पाय. तिन्ही पाय खाचेत उतरले की सिलिंडर पक्के. सगळे सांगायला दोन मिनिटे. पण क्लिप फुगीर आणि ताठ, जागा हातभर खोल, समोर स्प्रिंगच्या पट्ट्या, आणि मागून क्लिप रेटली की सिलिंडर पुढे निसटते. दोन पाय बसले की तिसरा उडतो. पहिली क्लिप टुणकन उडून गवतात गेली. दुसरी वाकली. तिसरी पुन्हा गवतात. मामांनी सांगितल्याप्रमाणे एक पूर्णांक एक अष्टमांश इंची गोटीपाना क्लिपेवर पालथा धरून हातोडीने ठोकले. सिलिंडर तेवढेच पुढे सरकले. एकाने पुढून अंगठ्याने दाबायचे, दुसऱ्याने मागून ठोकायचे, असे करता करता अंगठा काळानिळा झाला. तीन तास. पाऊस भुरभुरू लागला. तिथली जूनची संध्याकाळ संपता संपत नाही, एवढी एक सोय.

सातच्या सुमारास चौथी क्लिप जागेवर बसल्यासारखी झाली. दोन पाय खाचेत आहेत हे दिसत होते. तिसरा पाय मागच्या अंगाला होता. तिथे नजर पोचत नव्हती. बोट लावले तर क्लिप हलली नाही. आम्ही एकमेकांकडे पाहिले. मामा रेनकोट घालून प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले होते. त्यांनी विचारले, "बसली?" आम्ही म्हणालो, "बसली." त्यांनी पुन्हा काही विचारले, पण आवाज ऐकू आला नाही. खरे तर ऐकू आला होता. "तिन्ही पाय पाहिलेस?" असे ते म्हणाले होते. आम्ही हातोडी पुसत राहिलो.

रात्री जेवताना मामेबहिणीचा फोन आला. शनिवारी ती येणार होती. आपल्या सहा वर्षांच्या मुलाला शेजारी बसवून गावातून एक फेरी मारणार होती. मामी तिला सांगत होत्या, "अगं, दोघांनी ब्रेक केला हो, चक्क!" आम्हांला घास गिळवेना.

झोप लागली नाही. आम्ही अंधारात पडून बोलत होतो. वर्षानुवर्षे आम्ही उत्तरपत्रिका तपासतो. पानाच्या सुरुवातीवरून उरलेल्या पानाचा अंदाज करून गुण दिल्याचे प्रसंग आमच्या दोघांच्याही नोकरीत आहेत. न वाचलेल्या प्रबंधाच्या प्रकरणावर 'समाधानकारक' असा शेरा लिहिल्याचा एक प्रसंगही आहे. तो आम्ही एकमेकांनाही त्याच रात्री प्रथम सांगितला. तिथे कोणाचा जीव गेला नाही, ही आमची सबब. पण तिथे जे केले तेच इथे केले होते. दिसले नव्हते ते दिसले म्हटले होते. क्लिपेचा एक पाय बाहेर राहिला तर काय होते हे मामांनीच सांगितले होते. सिलिंडर थोडे हलते राहते, प्रत्येक वेळी ब्रेक दाबताना कणाकणाने ढिले होते, नळीला ताण पडतो, आणि एक दिवस द्रव जाते. एकच मंडल. त्या मुलाचे पाय अजून गाडीच्या जमिनीला टेकतही नाहीत.

सकाळी चहाच्या वेळी आम्ही मामांना सांगितले. रागावतील अशी तयारी ठेवली होती. आदल्या दिवशी एका गोल झालेल्या नटावरून ते पुष्कळ चिडले होते. ते रागावले नाहीत. कपातला चहा सांडू नये म्हणून तो दोन्ही हातांनी धरून ते हळूच म्हणाले, "मला माहीत होते. ठोकण्याचा आवाज शेवटपर्यंत पोकळ येत होता. बसली की आवाज बदलतो." मग थोड्या वेळाने म्हणाले, "मी रात्री दोनदा उठून खाली आलो. टॉर्च हातात ठरेना. नाहीतर मीच पाहिले असते." आम्हांला काय बोलावे सुचले नाही. कप खाली ठेवून त्यांनी पुढे विचारले, "आरसा आहे का गं तुझ्याकडे, छोटा?"

पर्समधला आरसा मागे धरून पाहिले. तिसरा पाय खाचेच्या बाहेर, कडेवर नुसता टेकलेला होता. स्क्रू-ड्रायव्हरने टोचताच क्लिप निसटून खाली पडली.

त्या दिवशी मामांनी वेगळा विचार केला. अडचण मागे नाही, पुढे आहे, असे त्यांचे म्हणणे. सिलिंडर पुढे सरकते म्हणून क्लिप बसत नाही. सिलिंडरला पुढे सरकायला जागाच ठेवली नाही तर? सिलिंडरसमोर चाक ज्यावर बसते ती लोखंडी चकती असते. त्या दोहोंच्या मधल्या फटीत काहीतरी घट्ट बसवले पाहिजे. कागदावर त्यांनी आकृती काढायला घेतली. रेघा थरथरत गेल्या आणि आकृती होईना. तेव्हा ते मामींकडे वळून म्हणाले, "अगं, ते दाराखालचे... ते दार अडवायचे..." शब्द सापडेना. मामींनी स्वयंपाकघराच्या दाराखाली कायम सारलेला लाकडी तुकडा आणून आमच्या हातात ठेवला. आमच्यापैकी एकजण म्हणाला, "पाचर!" मामा म्हणाले, "हां. पाचर." आणि पंचतंत्रातले माकड आठवून आम्ही हसलो ते याच वेळी.

पाचर चकतीच्या आणि सिलिंडरच्या मध्ये सारून वरून दोन हलके टोले दिले. सिलिंडर तबकडीला असे चिकटले की हाताने तसूभर हलेना. मागून खाच पूर्ण उघडी दिसू लागली. क्लिप ठेवली. दोन पाय. गोटीपाना पालथा धरला. एक टोला, दुसरा, तिसरा. तिसऱ्या टोल्याला आवाज बदलला. पोकळ ठक्‌ऐवजी बंद, भरीव असा एक टप्‌. ज्याने तो आधी ऐकला नाही त्यालाही कळावा असा. आम्ही काही बोलण्यापूर्वीच खुर्चीतून मामा म्हणाले, "बसली." तरी आम्ही आरसा धरला. तिन्ही पाय एकेक करून मोठ्याने मोजले.

उरलेले काम म्हणजे नळ्यांतली हवा काढणे. हवा दाबली जाते, द्रव दाबले जात नाही. नळीत बुडबुडा राहिला की पायडल स्पंजासारखे लागते. याला दोन माणसे लागतात, एक पायडलवर आणि एक चाकाशी. मुख्य सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून सुरुवात करायची. तिथला छोटा स्क्रू सैल करायचा, पारदर्शक नळीचे टोक बाटलीतल्या द्रवात बुडवायचे. आम्ही दोघेच होतो आणि शिवाय टाकीतले द्रव कमी होऊ न देण्यासाठी तिसरा माणूस हवा होता. मामा उठले, हळूहळू गाडीपाशी गेले आणि दार उघडून चालकाच्या जागी बसले. परवाना परत केल्यापासून प्रथमच. हात मांडीवर थरथरत होते. पाय मात्र स्थिर होता.

आता सूचना आमच्या होत्या. "दाबा." "धरा." "सोडा." तीनच शब्द, अर्धा-पाऊण तास, चार चाकांना. गाडीखालून ओरडायचे आणि वरून पायडलचा दाब यायचा, नेमका, न थरथरता. बाटलीत बुडबुडे येत राहिले, विरळ झाले, थांबले. शेवटी "धरा" म्हटल्यावर मामांनी पायडल धरले ते पुष्कळ वेळ धरून ठेवले. "सोडा, मामा," असे आम्हांला दोनदा म्हणावे लागले.

शनिवारी मामेबहीण आली. मुलाला घरीच ठेवून ती आधी एकटीच, मामांना शेजारी घेऊन निघाली. घरासमोरच्या मोकळ्या रस्त्यावर तिने तीनदा ब्रेक दाबून पाहिला. गाडी एका बाजूला न ओढता सरळ थांबली. आम्ही फाटकाशी उभे होतो. तिसऱ्या वेळी गाडी अगदी आमच्यासमोर थांबली आणि उघड्या टपातून आत दिसले. मामांच्या बाजूला पायडल नसते. तरी त्यांचा उजवा पाय समोरच्या पत्र्यावर घट्ट दाबलेला होता, आणि गाडी थांबून क्षणभर झाला तरी त्यांनी तो उचलला नव्हता.

दाराखालची पाचर आम्ही पुसून पुन्हा जागेवर ठेवली. तिच्या एका कडेला हातोडीचा वण आहे. मामी म्हणाल्या, राहू दे.